शिरोलीपर्यंत अठरा मिनिटं

धैर्यशीलदादा अकरावीत असताना
कुणाकडनं तरी एक कॅसेट घेऊन आला.
पेल अल्मनॅक.
कव्हरवर चंद्र, शिडी आणि एक उदास मासा.
अख्ख्या बाजूवर एकच गाणं, तेवीस मिनिटांचं.
म्हटलं, दादा, गाणं हाय का वरात?
ह्यात नवरा कुठाय?

तो डोळे मिटून बोटं मोजायचा.
एक दोन तीन चार पाच सहा सात
एक दोन तीन चार पाच सहा सात
आठवा येतोय, आता येतोय, म्हणून मी पाय उचलून उभा
आणि तो यायचाच नाही.
मधेच कुठंतरी बारा मोजायचे.
आबा पेपराआडनं म्हणाले,
सातबारा हाय व्हय रे हा? कुणाच्या नावावर?

गाणारा माणूस सर्दी झाल्यासारखा.
बासरी यायची, पत्ता विचारल्यासारखं करायची, जायची.
मी दार आपटायचो.
(पुण्याची वहिनी अजून हसते,
बाई असून मी ‘आपटायचो’ म्हणतो म्हणून.
आम्ही कोल्हापुरात येतो, जातो, आपटतो.)

मग दादा पुण्याला, आबा फोटोत,
आणि उद्यमनगरातलं लेथचं शेड माझ्याकडं.
ओम्नीसुद्धा.
तिच्या डेकमध्ये तीच कॅसेट अडकलेली.
रेडिओचं बटण पिचलेलं.
डेकला खोड अशी, की चावी फिरवली
की टेप आधी सगळी मागं गुंडाळणार
आणि मग पहिल्यापासून: चंद्र, शिडी, मासा.

कास्टिंग आणायला आठवड्याच्या चार फेऱ्या.
शेडपासून शिरोलीपर्यंत अठरा मिनिटं.
वर्षभर मी त्या गाण्याची
तेवढीच अठरा मिनिटं ऐकली, शिव्या घालत.

मार्चात एका साखर कारखान्याची जुनी फ्लँज आली,
सात होलांची.
इर्शाद होलं पाडत होता, मी शेजारी उभा.
एक फिरवला, दुसरा, तिसरा,
सातव्यानंतर ड्रिल सरळ पहिल्यावर.
चक्कर पुरी.
कुठं काही कमी पडलं नव्हतं.
मी ऑइलचा डबा खाली ठेवला.
इर्शाद म्हणाला, काय झालं ताई?
म्हटलं, काय नाही. मोजत होतो.

जुलै संपता संपता पंचगंगा हायवेवर आली.
तावडे हॉटेलपाशी पोलिसांनी गाड्या थांबवल्या.
पुढं ट्रक, मागं दुधाचा टँकर,
काचेवर पाणी, आणि मी चावी बंद केली नाही.
एकोणिसावं मिनिट.
ह्या मिनिटात मी कधी आलोच नव्हतो.
पंगतीतनं माणसं उठावीत
तशी एकेक वाद्यं उठून गेली.
बासरी तेवढी बसून राहिली.
तिनं सुरुवातीचा तो तुकडा,
ज्याला मी दार आपटायचो तो,
परत वाजवला, सावकाश.
आता तिला पत्ता सापडला होता.
आणि त्या माणसाला
सर्दी नव्हती ती.

तिथनंच दादाला फोन लावला.
शेवटाला बासरी परत येते, माहिताय?
कुठली बासरी?
पेल अल्मनॅकची.
तो हसला. अगं, पोरकट होतं ते सगळं.
आता नाही होत तेवीस मिनिटं एका जागी.
त्याच्या मागं कुकरच्या शिट्ट्या झाल्या.
तीन. मी मोजल्या.
तब्येतीला जप म्हणाला, ठेवला.

आता शिरोलीला जाताना रंकाळ्यावरनं जातो.
साफ उलटी वाट.
इर्शाद रजिस्टरात किलोमीटर बघतो,
माझ्याकडं बघतो,
काही म्हणत नाही.

परवा गाडी गॅरेजला टाकली.
मिस्त्री म्हणाला, डेकमधली टेप काढू का ओढून? निघंल.
म्हटलं, राहू दे.
ब्रेक तेवढे बघ.